शब्दाचा आसरा : मोह, संशय आणि मराठी ख्रिस्ती प्रार्थना

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एक मराठी कवी आणि एक युरोपीय प्रवासी यांची गाठ पडली. कवी होते नारायण वामन टिळक. राजनांदगाव संस्थानातील नोकरीसाठी ते निघाले होते. सहप्रवासी सौजन्याने वागला. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले संभाषण यथाक्रम धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. भाकितावर टिळकांचा विश्वास बसला नाही. परंतु ग्रंथ वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. पुढे हा गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, अशी ओळख पटली.

हा लोहमार्ग राजनांदगावावरून दुर्ग, रायपूर आणि बिलासपूर असा पूर्वेकडे जातो. रायपूर सोडून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की सिलतरा येते. आज हे नाव पोलादाच्या कारखान्यांशी आणि त्यांच्या धुराड्यांशी जोडलेले आहे. याच रस्त्याने पुढे सिमग्याच्या परिसरात गेले असता विश्रामपूर लागते. जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर यांनी १८६८ मध्ये तेथे आपले ठाणे वसविले. त्या काळी हा सारा मुलूख मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याही आधी, १८५४ पर्यंत, छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणून टिळकांच्या त्या प्रवासाला परमुलखातील प्रवास म्हणणे तितकेसे बरोबर ठरणार नाही. मराठी आणि हिंदी यांची वस्ती जेथे एकमेकींत मिसळली होती, अशा पट्ट्यात मराठी ख्रिस्ती काव्याच्या एका मोठ्या पर्वाचे बीज पडले.

या प्रसंगाकडे आपले वाङ्मयेतिहासकार बहुधा धर्मांतराची नांदी म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखात त्याकडे थोड्या निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. एखादे शास्त्रवचन माणसाच्या मनात शिरते, तेव्हा ते तेथे काय करते? मोहाच्या क्षणी ते ढालीसारखे पुढे करता येते काय? संशयाच्या रात्री ते दिव्यासारखे लावता येते काय? ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नांचा विचार आरंभापासून केला आहे. मराठीत त्याला जी उत्तरे मिळाली, ती आपल्या वाङ्मयाच्या दृष्टीनेही मोलाची आहेत.

या विचाराचे उगमस्थान मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील अरण्याच्या कथेत आहे. मार्काने ती अवघ्या दोन ओळींत आटोपली आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान येशूला तीन वेळा गाठतो. धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, मला नमन करून जगाची राज्ये घे, अशा त्याच्या तीन सूचना आहेत. येशूची तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या एकाच पुस्तकातून, त्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून आली आहेत. ही निवड सहज झालेली नाही. त्या अध्यायांत इस्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या रानवासाची आठवण आहे : तेथे ते भुकेले झाले, मान्ना खाऊन जगले, तहानेने व्याकूळ होऊन त्यांनी देवाचीच परीक्षा पाहिली. येशू केवळ वाक्ये उद्धृत करीत नाही. आपल्या पूर्वजांच्या भुकेच्या जागी तो स्वतः उभा राहतो आणि जेथे ते ढळले तेथे ढळत नाही.

परंतु या कथेतील खरी मेख पुढेच आहे. मंदिराच्या शिखरावर सैतानही शास्त्रवचन बोलतो. देवदूत भक्ताला हातांवर झेलून धरतील, हे एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातील आश्वासन तो अचूक उद्धृत करतो. लूकाने हा प्रसंग शेवटी ठेवला आहे. जणू शास्त्राच्या तोंडून येणारा मोह हाच सर्वांत अवघड, असे त्याला सुचवावयाचे असावे. तेव्हा वचन पाठ असणे ही मोहाविरुद्धची हमी होऊ शकत नाही, कारण ते दोन्ही पक्षांना पाठ आहे. फरक आहे तो वापराचा. सैतान वचनाने देवाला बांधू पाहतो : तू असे म्हटले आहेस, तर आता तसे करून दाखव. येशू त्याच ग्रंथातील वचनाने स्वतःला बांधून घेतो. एकजण वाक्य हाती घेतो, दुसरा वाक्याखाली उभा राहतो. प्रार्थनेतील शास्त्रवचनांचा पुढील सारा इतिहास या दोन भूमिकांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे मला वाटते.

येथे मराठी शब्दयोजनेचाही विचार करणे अगत्याचे आहे. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि भुरळ असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी भाषांतरांत प्रभूच्या प्रार्थनेसाठी ‘परीक्षा’ हा शब्द रुळला; कॅथलिक उपासनेत ‘मोह’ हा शब्द आला. ‘परीक्षा’ म्हटले की कोणी परीक्षक असल्याचे गृहीत धरले जाते आणि दुःखाला हेतू लाभतो. ‘मोह’ म्हटले की गीतेपासून संतवाङ्मयापर्यंतची सारी अर्थवलये जागी होतात आणि शत्रू मनाच्या आत असल्याचे ध्यानात येते. एकाच प्रार्थनेतील या दोन शब्दांनी मराठी ख्रिस्ती मनाला दोन वेगळ्या दिशांनी घडविले असल्यास नवल नाही.

मोहाविरुद्ध वचने योजण्याची पद्धतशीर विद्या चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात सिद्ध झाली. तिचा मुख्य शास्त्रकार इव्हाग्रिअस. तो कॉन्स्टँटिनोपलमधील विद्वान धर्मसेवक होता. एका विवाहित स्त्रीच्या ओढीतून सुटण्यासाठी त्याने ते नगर सोडले आणि अखेर तो इजिप्तच्या विरक्तांत जाऊन राहिला. ३९९ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. ‘प्रत्युत्तर’ या अर्थाच्या नावाचा त्याचा एक ग्रंथ आहे. मूळ ग्रीक प्रत नष्ट झाली असली तरी सिरियाक भाषांतराने तो वाचविला. खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, उबग, कीर्तीची हाव आणि गर्व अशा आठ दुर्विचारांसाठी त्यात आठ विभाग असून प्रत्येक विचाराला पवित्र शास्त्रातील कोणते वचन उत्तर म्हणून द्यावे, हे सांगितले आहे. अशा सुमारे पाचशे नोंदी त्यात आहेत. हे काम एखाद्या वैद्याच्या निघंटूसारखे आहे : दुखणे अमुक, मुळी अमुक. उबगाचे त्याने केलेले निदान तर विशेष मार्मिक आहे. दुपारच्या उन्हात सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, खोली नकोशी होते, बाहेर कोणी येते का म्हणून डोळे दाराशी खिळतात. ज्याने हे अनुभवले नाही तो हे लिहू शकणार नाही.

त्याच वाळवंटात शिकलेल्या कॅसियनने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात ही विद्या पश्चिमेकडे नेली आणि ती अधिक सुटसुटीत केली. त्याच्या ग्रंथातील वृद्ध तपस्वी सांगतो की सत्तराव्या स्तोत्राचा आरंभ, म्हणजे देवाने त्वरेने साहाय्यास यावे एवढीच हाक, उठता-बसता आणि झोपेत कूस बदलताना ओठांवर असावी. नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हे सांगणे परके वाटणार नाही. या दोघा आचार्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांच्या शस्त्रागारातील प्रत्येक वचनाचा रोख स्वतःच्या मनाकडे आहे. शेजाऱ्याला निरुत्तर करण्यासाठी त्यांनी एकही वचन राखून ठेवलेले नाही.

ही परंपरा मराठीच्या अंगणात आली ती गोव्यातून. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स इग्नेशियस लोयोला याच्या आध्यात्मिक साधनेत मुरलेले होते. मनात उठणारी कोणती प्रेरणा देवाकडून येते आणि कोणती शत्रूकडून, याची पारख करणे हा त्या साधनेचा गाभा होय. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पूर्वार्धात जुन्या कराराची कथा आणि उत्तरार्धात ख्रिस्ताचे चरित्र आहे. त्याच्या भाषावैभवाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच्या उपयोगाविषयी तितकेसे लिहिले गेलेले नाही. गोव्यातील सामान्य ख्रिस्ती माणसाच्या हाती त्या काळी त्याच्या भाषेतील पवित्र शास्त्र नव्हते. पुराण मात्र होते, आणि ते ओवीत असल्यामुळे कानावाटे मनात उतरत होते. ओवी घोकावी लागत नाही, ती राहते. जात्यावर, कीर्तनात, पुराणश्रवणात शतकानुशतके तिने हेच काम केले आहे. शास्त्रकथेला स्मरणात घर मिळवून देण्याची जी सोय इव्हाग्रिअसने निघंटूच्या रूपाने केली, तीच स्टीफन्स यांनी छंदाच्या रूपाने केली.

१६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि या परंपरेला मोठा धक्का बसला. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ हस्तलिखितांच्या रूपाने टिकून राहिले. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. छापील ग्रंथाची साथ सुटल्यावरही जो ग्रंथ माणसे हाताने उतरवून ठेवतात, तो त्यांच्या प्रार्थनेच्या उपयोगी पडत असला पाहिजे, एवढे अनुमान आपण निश्चित करू शकतो.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत निघाला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत उपलब्ध झाले. वचन आता स्वस्त, सुटे आणि छापील झाले. त्याच वेळी त्याचा रोखही बदलला. १८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात वाद झाला. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला. दोन्ही बाजूंनी वचनांचा मारा झाला. स्वतःच्या मनातील शत्रूसाठी घडविलेले शस्त्र समोरच्या माणसावर चालविले जाऊ लागले. या वादांनी मराठी गद्याला धार दिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रार्थनेच्या दृष्टीने तो तोट्याचा व्यवहार होता. वचनाने जिंकण्याची सवय लागली की वचनाखाली उभे राहण्याची सवय मोडते.

गंमत अशी की समुद्रकिनाऱ्यावरील त्या वादात उतरलेले जॉर्ज बोएन हे स्वतः संशयाच्या शाळेतून आलेले होते. तारुण्यात त्यांचा धर्मावर विश्वास नव्हता. १८४४ मध्ये त्यांची वाग्दत्त वधू मरण पावली आणि तिने आपले पवित्र शास्त्र त्यांच्यासाठी मागे ठेवले. शोकाने उघडलेल्या त्या ग्रंथाने त्यांचे जीवन बदलले. १८४८ पासून १८८८ मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत ते मुंबईत अत्यंत साधेपणाने राहिले. मुंबईकरांनी त्यांचे वाद विसरावेत आणि त्यांचे राहणे लक्षात ठेवावे, यात पुष्कळ अर्थ आहे.

संशयाची सर्वांत प्रदीर्घ कथा मात्र नीलकंठशास्त्री गोरे यांची आहे. १८२५ मध्ये जन्मलेला हा चित्पावन पंडित काशीत वाढला. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला; आणि खंडनासाठी जे वाचले त्यानेच त्यांना गाठले. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून भारतीय दर्शनांची चिकित्सा केली. परंतु नैयायिकाची ती बुद्धी बाप्तिस्म्याच्या पाण्याने शांत झाली नाही. पूर्वपक्ष उभा करण्याची तिची खोड स्वतःच्या नव्या श्रद्धेविरुद्धही चालू राहिली. वचनाच्या अर्थाविषयी शंका येई. अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, ही त्याहून मोठी शंका येई. या शोधात ते पंथामागून पंथ पारखत गेले आणि अखेर अँग्लिकन चर्चच्या प्राचीन परंपरेला मानणाऱ्या शाखेत स्थिरावले. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले.

गोऱ्यांविषयी लिहिताना त्यांचे चाहते संशयाचा भाग हळूच झाकतात आणि विरोधक त्याचेच भांडवल करतात. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. शंका आली म्हणून त्यांनी उपासना सोडली नाही, आणि उपासना चालू आहे म्हणून शंका नसल्याचा बहाणाही केला नाही. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा एक बाप आहे. आपला विश्वास आहे आणि आपल्या अविश्वासाला साहाय्य हवे, असे तो एकाच श्वासात सांगतो. येशू त्याची खरडपट्टी काढीत नाही. मुलगा बरा होतो. ख्रिस्ती शास्त्रात अविश्वासाला प्रार्थनेत अशी जागा आहे. संशयात्म्याविषयी गीतेने दिलेला कठोर निर्वाळा कानांत घेऊन वाढलेल्या पंडिताला ही जागा केवढी मोठी वाटली असेल, याची कल्पना करता येते. त्यांची कन्या एलन लक्ष्मी गोरे हिने पुढे इंग्रजीत एक प्रार्थनागीत रचले आणि ते जगभर गाइले गेले. देवाच्या सान्निध्यात लपून राहण्याची त्यातील कल्पना एकतिसाव्या स्तोत्राच्या शब्दांतून उगवली आहे. पित्याने ज्या ग्रंथाशी जन्मभर वाद घातला, त्याच ग्रंथात कन्येने आसरा शोधला.

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या संदर्भात पुन्हा वाचावयास हवे. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ मध्ये जन्मलेले बाबा आधी कर्मनिष्ठ होते, मग परमहंस सभेच्या सुधारकी वर्तुळात आले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. विद्यार्थी त्यांना ‘यमुनापर्यटना’चे कर्ते म्हणून ओळखतात आणि तेथेच थांबतात. ‘अरुणोदया’चे वैशिष्ट्य त्याच्या शीर्षकातच आहे. अंधार संपला असे ते नाव म्हणत नाही. उजाडू लागले एवढेच ते म्हणते. जुन्या निष्ठा एकाएकी तुटत नाहीत, मन दोन्हीकडे ओढले जाते, घरच्या माणसांचे अश्रू हाच सर्वांत मोठा पेच होऊन बसतो. मराठी गद्यात अंतर्मनाचा असा टप्प्याटप्प्याने घेतलेला शोध त्यापूर्वी विरळाच आढळेल. शास्त्रवचनाच्या आरशात स्वतःला रोज न्याहाळण्याच्या सवयीने आत्मचरित्र या प्रकाराला येथे हातभार लावला आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

पंडिता रमाबाईंपाशी आलो की प्रश्नाला धगधगीत रूप येते. त्यांचे बालपण पुराणकथनावर चालणाऱ्या घरात गेले. आईवडील आणि भावंडे तीर्थोतीर्थी हिंडत आणि पवित्र ग्रंथ वाचून दाखवीत. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण काही काळाच्या अंतराने गेली. जपजाप्य झाले, दानधर्म झाला, वचने म्हणून झाली, आणि अन्न आले नाही. शब्दाने देवाला बांधता येते, या समजुतीचा शेवट रमाबाईंनी सोळा-सतरा वर्षांच्या वयात पाहिला. पुढे सिलचर येथे पतीच्या घरी त्यांना लूकाच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली. टिळकांना आगगाडीत, बोएन यांना मृत वधूकडून, रमाबाईंना घरातल्याच पुस्तकांत : ग्रंथ असा अनाहूतच येतो.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना तेथवर आणण्यात गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता. परंतु सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो शिष्येचा नाही. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी त्या निर्भयपणे प्रश्न विचारतात. पुरोहितांचे एक जोखड नुकतेच टाकले असता दुसरे मानेवर घेण्यास नकार देतात. आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपेक्षा शास्त्राला आणि स्वतःच्या विवेकाला प्रमाण मानतात. संशय हा येथे श्रद्धेचा शत्रू राहत नाही. तो तिचा पहारेकरी होतो. पुढे त्यांनीच सांगितले की धर्म आपल्याला आधी सापडला आणि ख्रिस्त मागाहून, १८९१ च्या सुमारास. मधल्या आठ वर्षांना त्यांनी फसवणूक मानले नाही, ती वाटचाल मानली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून निराधार मुलींना घेऊन आल्या. ज्या दुष्काळाने त्यांची वचनांवरील पहिली श्रद्धा मोडली होती, त्याच दुष्काळात त्या आता भाकर घेऊन उभ्या होत्या. पहिल्या मोहाचे, म्हणजे धोंडा आणि भाकरी यांचे, याहून बोलके भाष्य मला ठाऊक नाही. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावे, हा त्यामागील हेतू होता. म्हणून भारदस्त संस्कृत शब्द सोडून साधे शब्द त्यांनी वेचले. पदवीनेच ‘पंडिता’ असलेल्या विदुषीने पांडित्य बाजूला ठेवावे, हाही एका मोहावरील विजयच होय. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. तरी मुद्रिते तपासण्याचे काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वचनाखाली उभे राहणे म्हणजे काय, याचे उत्तर कित्येकांनी प्रवचनांत दिले. रमाबाईंनी ते वाक्यामागून वाक्य भाषांतरित करून दिले.

आता आरंभीच्या आगगाडीकडे परत येऊ. टिळक ती प्रत हाती पेन्सिल घेऊन वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांना पुढे जाववेना. तत्त्वज्ञानातील आपल्या अडलेल्या प्रश्नांना तेथे वाट मिळाल्यासारखे त्यांना वाटले. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला. समोर होते ते जातीचे तुटणे, पत्नीचा वियोग, उपजीविकेची अनिश्चितता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. अज्ञात प्रवाशाचे भाकीत खरे ठरले. पण त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली.

ती किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या वर्षांचे दुःख सांगावयास नको. त्यांनी पतीची श्रद्धा उसनी घेतली नाही. कित्येक वर्षे त्या सोवळ्या-ओवळ्याशी आणि स्वतःच्या मनाशी झगडल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, ही त्यांची शंका ग्रंथातून आली नव्हती. ती रोजच्या पाण्याच्या भांड्यातून आली होती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील संशयाचा हा सर्वांत घरगुती आणि म्हणूनच सर्वांत खरा नमुना होय. पुढे टिळकांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक अध्याय याच बाईने लिहून पुरे करीत आणले.

टिळकांनी मराठी प्रार्थनेला काय दिले, हे आता नेमके सांगता येईल. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. या उद्गाराचा अर्थ आपण सामान्यतः वैचारिक साम्यापुरता घेतो. मला तो व्याकरणाचा वाटतो. शंका ही स्वभावतः तृतीयपुरुषी असते : देव आहे काय, तो ऐकतो काय. वादविवादही तृतीय पुरुषातच चालतात. तुकारामांच्या गाथेत मात्र तक्रार, रुसवा, निराशा, अविश्वास हे सारे विठ्ठलाला उद्देशून आहे. तेथे शंका द्वितीय पुरुषात येते. देव ऐकत नाही, हेही देवालाच सांगितले जाते. हिब्रू स्तोत्रांची रीतही हीच आहे. स्तोत्रसंहिता आणि गाथा यांना जोडणारा हा पूल टिळकांनी ओळखला आणि अभंगाला ख्रिस्ती प्रार्थनेचे वाहन केले. त्यांची गीते ‘उपासना संगीता’तून मराठी ख्रिस्ती घराघरांत गेली. ती गाणारा माणूस सैतानाला निरुत्तर करीत नसतो आणि शेजाऱ्यालाही नाही. आपल्या डळमळीत मनासह तो कोणापुढे तरी उभा असतो. इव्हाग्रिअसचे प्रत्युत्तर येथे आळवणी झाले आहे.

संशय यामुळे नाहीसा होतो, असे मी म्हणणार नाही. गोऱ्यांचा तो झाला नाही. टिळकांनाही मिशनच्या चौकटीत अखेरपर्यंत समाधान लाभले नाही. १९१७ मध्ये ती सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा घाट घातला आणि १९१९ मध्ये ते गेले. वचन संशयाला मारीत नाही. ते त्याला बोलावयास कोणी देते. मोहाचेही तसेच आहे. एकट्या मनाशी मोह जी कुजबूज करतो, ती मोठ्याने आणि दुसऱ्या कोणाला सांगावी लागली की तिचे निम्मे बळ ओसरते. वाळवंटातील वृद्धांना हे ठाऊक होते, वारकऱ्यांना ठाऊक होते.

छत्तीसगडच्या ज्या मातीतून ती आगगाडी पुढे गेली, त्या मातीलाही ते ठाऊक होते. लोर ज्यांच्यात काम करू लागले तो सतनामी समाज गुरू घासीदासांच्या शिकवणुकीवर उभा होता, आणि सत्यनामाचा आसरा हाच त्या शिकवणुकीचा कणा होता. मंत्र, नाम, स्तोत्र, अभंग यांना एक लेखण्याचा मोह समीक्षकाने टाळला पाहिजे. त्यांच्यामागील श्रद्धा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांनी परस्परांशी झगडाही केला आहे. पण दुबळ्या क्षणी माणसाला स्वतःच्या शब्दांहून जुना, आपल्या आधी अनेकांनी उच्चारलेला शब्द लागतो, ही गरज मात्र एकच आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखनाला आपण एका वेगळ्या कप्प्यात ठेवले आणि त्यावर ‘धर्मप्रसार’ अशी चिठ्ठी डकवली. त्यामुळे आपल्या भाषेतील अंतर्मुख गद्याचा, भाषांतरविद्येचा आणि संशयाच्या प्रामाणिक नोंदींचा एक मोठा ठेवा विद्यार्थ्यांच्या नजरेआड राहिला. सिलतऱ्यावरून आज लोखंड भरलेल्या गाड्या रात्रंदिवस जातात. एकेकाळी त्याच दिशेने निघालेल्या एका गाडीतून एक लहानसे पुस्तक राजनांदगावला उतरले. ते ज्याच्या हाती पडले त्याने त्याचा उपयोग कोणाला हरविण्यासाठी केला नाही. त्याने ते समासात खुणा करीत वाचले, त्याखाली उभा राहिला आणि मग मराठीत गाऊ लागला.